हक्कसोडपत्र झालंय, नवरा गेलाय: आता बाईचं काय उरतं?

दुय्यम निबंधक कार्यालयातलं दृश्य महाराष्ट्रात कुठेही गेलात तरी सारखंच. टोकन घेऊन बसलेली माणसं, झेरॉक्सच्या गठ्ठ्यांशी झटणारा एजंट, आणि कॅमेऱ्यासमोर पदर सावरून बसलेली एक बाई. "आई, इकडे बघा. आता अंगठा." नवऱ्याला जाऊन दोन-तीन महिने झालेले. मागे उभा असलेला मुलगा म्हणतो, "काही नाही गं, नुसती सही आहे, सोसायटीच्या कामाला लागते." दहा मिनिटांत दस्त होतो आणि मंडळी बाहेर चहाला जातात.

त्याच कार्यालयात दुसरी एक बाई दस्त करायला नाही, शोधायला आलेली असते. नवरा गेल्यावर दिवस झाले आणि दिराने शांतपणे सांगितलं, "वहिनी, दादाने तर केव्हाच हक्क सोडलाय. तुमचं आता इथे काही नाही."

दोघींच्या तोंडी शब्द एकच, हक्कसोडपत्र. पण दोघींचा प्रश्न वेगळा आणि उत्तरही वेगळं. लोक विचारतात, "हक्कसोड झालं की बायकोला काही मिळतं का हो?" याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आधी उलट विचारावं: सही कोणाची, सहीची तारीख काय, आणि त्या तारखेला सही करणाऱ्याच्या हातात नेमकं काय होतं? हक्कसोडपत्राने त्या दिवशी हातात असलेला हक्क जातो. जो हक्क तोवर जन्मालाच आला नव्हता, तो सहसा जात नाही. हे एवढं धरून ठेवलंत तर पुढची बरीच गुंतागुंत आपोआप सुटते.

हा कागद आहे तरी काय

एखाद्या मिळकतीत चार जणांचा हिस्सा असतो. त्यातला एक जण म्हणतो, "माझा हिस्सा मी सोडला, तो आता तुमचा." हे लिहून, मुद्रांक लावून, नोंदणी केली की झालं हक्कसोडपत्र. यात एक अट अंगभूत आहे: ज्याच्यासाठी हक्क सोडायचा, त्याचा त्या मिळकतीत आधीपासून हिस्सा हवा. हक्कसोडपत्र नवा मालक तयार करत नाही, असलेल्या हिस्सेदाराचा वाटा मोठा करतं. शेजाऱ्याच्या किंवा हिस्सा नसलेल्या मित्राच्या नावे 'हक्कसोडपत्र' केलं, तर मथळा काहीही असो, मजकूर पाहून ते बक्षीसपत्र नाही तर विक्री ठरतं आणि मुद्रांकही तसाच भरावा लागतो.

अमेरिकेत राहणारे आपले लोक 'क्विटक्लेम डीड' म्हणतात तो या कागदाचा चुलतभाऊ. "या घरात माझा जो काही हक्क असेल तो मी सोडला", असं त्यात देणारा म्हणतो. हक्क खरंच आहे की नाही याची हमी तो देत नाही. तिथे तो कागद कोणाच्याही नावे करता येतो, आपल्याकडे हिस्सेदाराच्याच. तिथला नमुना इंटरनेटवरून उतरवून इथे वापरणारे महाभाग असतात. तसं करू नये.

शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणी कायदा १९०८ प्रमाणे दस्त नोंदवावाच लागतो. आज शंभर रुपयांत कुंडीतली मातीही येत नाही, म्हणजे प्रत्येक वेळी नोंदणी आलीच. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला न्यायचा असतो. पाचशेच्या स्टँपपेपरवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून कपाटात ठेवलेल्या हक्कसोडपत्राने मालकी हलत नाही. दीर असा कागद दाखवत असेल तर वहिनीने लगेच घाबरून जायचं कारण नाही.

मुद्रांकाचं गणित थोडं विचित्र आहे. मिळकत वडिलोपार्जित असेल आणि हक्क भाऊ, बहीण, आई, वडील, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको यांच्यात सोडला जात असेल, तर महाराष्ट्रात मुद्रांक नाममात्र. बाकीच्या वेळी बाजारभावाने, विक्रीसारखा. म्हणून नवरा-बायकोने मिळून घेतलेल्या फ्लॅटमधला नवऱ्याचा अर्धा भाग बायकोला द्यायचा असेल, तर जाणते लोक हक्कसोडऐवजी बक्षीसपत्र सुचवतात. राहतं घर जोडीदाराला किंवा मुलांना बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक नाममात्रच असतो. कर्जाची गोष्ट मात्र यात कुठेच येत नाही. दस्तातून नाव गेलं तरी बँकेच्या कर्जातून नाव जात नाही.

मालक जिवंत असताना केलेली सही

घोळ सगळ्यात जास्त इथे होतो. सासरे हयात आहेत, घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलंय, आणि त्यांच्या देखतच एका मुलाकडून लिहून घेतलं जातं: "वडिलांच्या घरात मी पुढे हिस्सा मागणार नाही." का? तर त्याला पुण्याला फ्लॅटसाठी पैसे दिले, किंवा त्याने जातीबाहेर लग्न केलं, किंवा भांडण झालं.

वडील जिवंत असेपर्यंत त्यांच्या स्वकष्टार्जित घरात मुलाचा काडीचाही हक्क नसतो. असते ती फक्त आशा. आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम ६ सांगतं की वारस होण्याची आशा हस्तांतरित करता येत नाही. जे नाहीच ते सोडणार कसं? म्हणजे असं हक्कसोडपत्र नोंदणी केलेलं असलं तरी त्याने एकही हक्क हललेला नसतो.

आता हा मुलगा वडिलांच्या आधी गेला. मागे बायको आणि लेकरं. पुढे काही वर्षांनी सासरेही मृत्युपत्र न करता गेले. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे आधी मेलेल्या मुलाची विधवा सासऱ्याच्या पहिल्या वर्गातल्या, म्हणजे सगळ्यात आधी हिस्सा मिळणाऱ्या, वारसांत येते, त्याच्या मुलांबरोबर. तिचा हा हक्क सासऱ्याच्या मृत्यूच्या दिवशी जन्माला येतो. सही करणारा नवरा तोवर या जगातच नव्हता. मग त्याच्या सहीने तिचा हक्क कसा जाईल?

तर्काने जायला नको. पण इथेच एक फाटा फुटतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये एका तमिळनाडूच्या घराण्याच्या वादात जवळपास हेच चित्र तपासलं. मुलाने १९७५ मध्ये वडिलांच्या हयातीत मोबदला घेऊन हक्क सोडला होता, तो वडिलांच्या आधी वारला, आणि त्याच्या मुलांनी आजोबांच्या मिळकतीत हिस्सा मागितला. आशा सोडता येत नाही हे न्यायालयाने मान्यच केलं. तरीही नातवंडं हरली. बापाने पैसे घेतले, त्याचा लाभ कुटुंबाला झाला, त्या शब्दावर विसंबून आजोबांनी पुढचे व्यवहार केले. आता मागे फिरता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. कायद्यात याला प्रतिष्टंभ म्हणतात. एकदा माणसाला एका वागण्याने विश्वासात घेतलं की नंतर उलटता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणजे अशा कागदात सगळ्यात आधी मोबदल्याची ओळ शोधायची. पैसे मिळाल्याचा उल्लेख आहे का? खरंच मिळाले होते का, बँकेतून की तोंडी? काहीच न घेता नुसती सही केली असेल तर विधवेची बाजू खूपच भक्कम. पैसे घेतले असतील तर तिच्यावर तोच आक्षेप उलटवला जाणार हे धरून चालावं.

लग्नात मुलीकडून "माहेरच्या इस्टेटीवर हक्क सांगणार नाही" असं लिहून घेण्याची जी चाल आहे, तिलाही हेच लागू.

हक्क हातात होता, तो नवऱ्याने सोडला, मग तो गेला

सासरे आधीच गेलेले. त्यांच्या घरात नवऱ्याचा हिस्सा पक्का झालेला. नवऱ्याने तो धाकट्या भावाला नोंदणीकृत हक्कसोडपत्राने दिला आणि चार वर्षांनी तो वारला. आता बायकोला त्या हिश्श्यातून मालकी मिळत नाही. स्पष्टच सांगितलेलं बरं. वारसा मागे उरलेल्या मालमत्तेचा असतो, आणि ही उरलीच नाही. "माझी सही कुठे घेतली?" हा प्रश्न रास्त वाटतो, पण महाराष्ट्रात स्वतःची मिळकत देताना जोडीदाराची सही लागतेच असा कायदा नाही. मला ही आपल्या कायद्यातली मोठी उणीव वाटते. गोव्यात ती नाही, त्याबद्दल पुढे.

पण इथे दार बंद समजून घरी जाऊ नये. मिळकत खरोखर एकत्र कुटुंबाची असेल तर मुलांचा मुद्दा उरतो. हक्कसोडपत्र झालं तेव्हा मुलं जन्मलेली होती का? एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाला जन्मतः हिस्सा असतो, आणि ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा निकालात, वडील २००५ मध्ये हयात नसले तरी मुलीचा हा हक्क जात नाही, असं सांगून टाकलं. बाप स्वतःचा वाटा सोडू शकतो. लेकरांचा जन्माने आलेला वाटा त्याच्या एकट्याच्या सहीने आपोआप जात नाही.

फक्त 'वडिलोपार्जित' हा शब्द आपण फार सैल वापरतो. आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन, आजोबा १९५६ नंतर मृत्युपत्राविना गेले, ती वडिलांकडे आली. अशी जमीन वडिलांची स्वतःची असते. तिच्यात नातवाला जन्मतः काही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे सांगून ठेवलंय, तरी गावात अजून सगळे तिला 'बापजाद्यांची' म्हणतात आणि त्या भरवशावर दावे ठोकतात.

एकत्र मिळकतीत बायकोला किती मिळालं असतं, म्हणजे हक्कसोडीने किती गेलं, हे समजायला १९७८ चा मगदूम निकाल बघण्यासारखा आहे. घरात नवरा, बायको, दोन मुलगे, तीन मुली. नवरा गेला. महाराष्ट्रात बाप-लेकांत वाटणी झाली तर बायकोलाही मुलाएवढा वाटा द्यायची जुनी रीत आहे. म्हणून न्यायालयाने आधी मनातल्या मनात वाटणी केली: नवरा, बायको, दोन मुलगे, प्रत्येकी पाव. मग मेलेल्या नवऱ्याचा पाव हिस्सा सहा वारसांत वाटला, प्रत्येकी एक चोविसांश. विधवेला स्वतःचा पाव अधिक एक चोविसांश, मिळून सात चोविसांश. आज मुलीही जन्मतः हिस्सेदार असल्याने आकडे बदलतील, पण पद्धत तीच. या हिशेबात बायकोचे दोन वेगळे वाटे आहेत, एक वाटणीतला आणि एक वारशातला. दिराचा वकील बहुधा दुसऱ्याबद्दलच बोलतो.

मालकी गेली तरी पोटगी आणि निवारा हे वेगळे हक्क आहेत. १९५६ च्याच हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, विधवा सून स्वतःच्या कमाईवर, नवऱ्याच्या मागे राहिलेल्या मिळकतीवर किंवा आई-वडील आणि मुलांच्या आधारावर भागवू शकत नसेल, तर ती सासऱ्याकडे निर्वाह मागू शकते. अट अशी की सासऱ्याच्या ताब्यात एकत्र कुटुंबाची मिळकत हवी आणि सुनेला तिच्यातून वाटा मिळालेला नसावा. तिने पुन्हा लग्न केलं की हा हक्क थांबतो. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ३९ फारसं कोणी वाचत नाही, पण ते कामाचं आहे: ज्या मिळकतीच्या उत्पन्नातून कोणाचा निर्वाह व्हायचा, ती फुकटात दुसऱ्याकडे गेली, तर निर्वाहाचा हक्क त्या दुसऱ्याविरुद्धही चालतो. भावाभावांतली हक्कसोडपत्रं बहुधा 'प्रेमापोटी, विनामोबदला' असतात. दस्त लिहिताना उदार दिसणारा हा शब्द नंतर विधवेच्या उपयोगी पडू शकतो.

राहण्याचं म्हणाल, तर कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ प्रमाणे बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. १२ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे एका विधवेच्याच बाबतीत सांगितलं. यातून मालकी मिळत नाही, पण रातोरात बाहेरही काढता येत नाही.

बाईनेच सही केली तेव्हा

आता परत त्या पहिल्या बाईकडे. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, मृत्युपत्र नाही. वारस बायको, मुलगा, मुलगी. आणि नवऱ्याची आई हयात असेल तर तीही. नव्वदीतल्या आजींना या हिशेबात सगळे विसरतात. आई धरून प्रत्येकी पाव. नवऱ्याचे वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत, हे ऐकून सासरे नेहमी दचकतात.

नवरा गेला त्याच क्षणी बायकोचा हिस्सा तिचा झाला, पूर्ण मालकीने. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे 'हयातीपुरता' वगैरे काही नाही. दुसरं लग्न केलं तरी तो परत जात नाही. तरुण विधवेकडून लग्नाच्या बोलणीआधी घाईने हक्कसोड करून घेतात ते याच कारणाने. नॉमिनी मुलगा आहे म्हणून घर त्याचं, हेही खोटं. नॉमिनी हा वारसांसाठी मालमत्ता सांभाळणारा. सोसायटीने त्याला सभासद केलं तरी मालकी वारसा कायद्यानेच ठरते.

म्हणजे आईची सही नवऱ्याच्या मृत्यूनंतरची, हक्क हातात असतानाची. असं हक्कसोडपत्र पूर्ण लागू पडतं. पाव हिस्सा गेला तो गेला.

तरी या कहाणीला एक वळण आहे. समजा नवऱ्याची आई हयात नाही, आणि आई व मुलगी दोघींनी मुलासाठी हक्क सोडला. पूर्ण फ्लॅट मुलाचा. पाच वर्षांनी मुलगा अपघातात गेला, मृत्युपत्र नाही, मागे बायको आणि एक लेकरू. वारस कोण? त्याची बायको, त्याचं मूल, आणि त्याची आई. प्रत्येकी एक तृतीयांश. आईने जेवढा सोडला होता तेवढाच वाटा परत आला! सून म्हणेल, "सासूबाई, तुम्ही तर हक्क सोडला होता." सोडला होता तो नवऱ्याकडून आलेला. हा मुलाकडून आला, नवा, मुलाच्या मृत्यूच्या दिवशी जन्मलेला. जुन्या सहीचा याच्याशी संबंध नाही. बहिणीला मात्र काही मिळत नाही, कारण पहिल्या वर्गातलं कोणी हयात असेपर्यंत बहिणीचा क्रम लागत नाही. आणि मुलाने मृत्युपत्र करून सगळं बायकोला दिलं असतं तर आईच्या हातीही काही आलं नसतं.

आईने हक्क सोडायचाच असेल, तर मी तरी एक ओळ घातल्याशिवाय सही करू देणार नाही: "मुलगा आईचा सांभाळ करील, या अटीवर." ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ चं कलम २३ सांगतं की साठीपुढच्या माणसाने सांभाळाच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून तो दस्त रद्द होऊ शकतो. वर्षानुवर्षं दिवाणी दावा नको. पण ६ डिसेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयासमोर एका आईचं असंच हक्कसोडपत्र आलं, आणि अट कुठेच दाखवता आली नाही म्हणून तिला हे कलम मिळालं नाही. पुढे २ जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने कायद्याकडे जरा मायेने पाहिलं. तिथे बक्षीसपत्राबरोबर मुलाने सांभाळाचं वेगळं वचन लिहून दिलं होतं, तेवढ्यावर आईला घर परत मिळालं. दोन निकालांतला फरक एका कागदाचा आहे. "आईला मुलाकडून असं लिहून घ्यायला लाज वाटते" हे मी समजू शकतो. मग ती ओळ मुलानेच सुचवावी.

झालेली सही उलटवणं अवघड असतं. आपणच जाऊन 'रद्दपत्र' नोंदवलं तर काही होत नाही. समोरच्याच्या संमतीशिवाय तो दस्त फक्त न्यायालय रद्द करू शकतं. फसवणूक, दडपण, खोटं सांगणं दाखवावं लागतं, आणि ते कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. "वारसनोंदीचा फॉर्म आहे" म्हणून कागदाचं स्वरूपच लपवून सही घेतली असेल तर बाजू अधिक बळकट. निरक्षर किंवा वयस्क बाईने, जिचं सगळं मुलाच्या हाती आहे, त्याच मुलासाठी सही केली असेल, तर व्यवहार सचोटीचा होता हे पटवायचं ओझं त्याच्यावर येऊ शकतं. नुसतं "मी वाचलं नव्हतं" हे पुरत नाही.

तलाठ्यापुढचा जबाब

शेतजमिनीत वेगळीच तऱ्हा. वडील गेले की गाव नमुना ६-क मध्ये वारस लागतात, मग फेरफार, मग सातबाऱ्यावर नावं. तेवढ्यात बहिणी आणि आई तलाठ्यापुढे सांगतात, "आमचं नाव नको, भावाचंच राहू द्या." फेरफार मंजूर होतो आणि सगळे समजतात, हक्क सोडला.

सुटलेला नसतो. सातबारा हा महसुलाचा कागद. त्यावरची नोंद खरी मानून चालतात, पण उलट पुरावा आला की ती पडते. जबाब म्हणजे नोंदणीकृत दस्त नव्हे. आईने असं नाव कमी केलं असेल आणि आता मुलगा विचारत नसेल, तर तिचा हिस्सा शाबूत असण्याची चांगली शक्यता आहे. जबाब अगदीच निरुपयोगी असतो असंही नाही. घरात आधी तोंडी तडजोड झाली होती आणि हा तिचा पुरावा, असा बचाव समोरून येतो, आणि वर्षं जितकी लोटतात तितका तो बचाव वजनदार होतो.

मागे राहिलेला नवरा असेल तर

हाही प्रश्न येतो, थोडा दबक्या आवाजात. बायकोने माहेरच्या जमिनीतला हक्क भावांना सोडला, पुढे ती गेली. नवरा म्हणतो, माझं नुकसान केलं. मुलं नसतील तर त्याचं काहीच नुकसान झालेलं नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे आई-वडिलांकडून बाईला वारशाने आलेली मिळकत, मूलबाळ नसेल तर, तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. नवऱ्याला तसंही शून्यच. मुलं असतील तर मुलं आणि नवरा सारखे वाटेकरी.

याची दुसरी बाजू जास्त बोचरी आहे. नवऱ्याने हक्क सोडून किंवा बक्षीस देऊन घर बायकोचं झालं, नवरा गेला, मूल नाही, आणि ती मृत्युपत्र न करता गेली, तर घर नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिने स्वतः कमावलेलंही आधी तिकडेच, तिचे आई-वडील त्यानंतर. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सासरने हाकलून दिलेल्या, माहेरी राहून नोकरी केलेल्या विधवेच्या पैशाबद्दल हेच सांगितलं. निःसंतान विधवेने मृत्युपत्र करायला एक दिवसही थांबू नये.

हे सगळं हिंदू वारसा कायद्याचं. तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू. मुस्लिम विधवेला मुलं असतील तर एक अष्टमांश, नसतील तर पाव. हयातीत सोडलेल्या आशेबद्दलचा प्रतिष्टंभाचा मूळ निकाल १९७३ चा, तो मुस्लिम कुटुंबातलाच. ख्रिस्ती विधवेला मुलं असताना एक तृतीयांश.

गोव्याची रीत मात्र निराळी. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता एक होते आणि दोघं निम्म्या-निम्म्याचे धनी. स्थावर मिळकत द्यायची किंवा तिच्यातला हक्क सोडायचा तर जोडीदाराची संमती लागते. म्हणून गोव्यातल्या दस्तांत भावाच्या सहीशेजारी वहिनीची सही दिसते. नवरा गेल्यावर तिचा निम्मा भाग वारशाचा नसतोच, तो तिचा आधीपासूनचा. दिराने दाखवलेल्या कागदावर तिची सही नसेल तर पहिला प्रश्न तिचाच असतो.

इथे, महाराष्ट्रात, दिराने सांगितलेल्या त्या जुन्या हक्कसोडीची खातरजमा करण्यापासून सुरुवात करावी. महाराष्ट्राच्या नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्तांचा शोध घेता येतो. गाव, वर्ष, गट किंवा सर्व्हे क्रमांक टाकला की सूची क्रमांक दोन, म्हणजे लोक ज्याला इंडेक्स टू म्हणतात तो दस्ताचा गोषवारा, समोर येतो. दस्त सापडला तर दुय्यम निबंधकाकडे अर्ज करून प्रमाणित नक्कल काढायची. नकलेत पहिल्यांदा सहीची तारीख बघायची, मग मोबदल्याची ओळ, मग कोणाच्या लाभात ते. त्या नकलेशेजारी सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले मांडून बसायचं. वकिलाकडे जाताना हे कागद तारखेप्रमाणे लावून न्या.